बाळाच्या नावाबद्दल, विल्सनला

चरई, ठाणे

प्रिय विल्सन,

वहिनींनी व्हॉट्सॅपवर नावांची लिस्ट पाठवली ती बघितली, उत्तर मेसेजमधे मावेना म्हणून सरळ पत्रच लिहितोय. पहिलं म्हणजे नुसता अर्थ बघून नाव ठरवू नका रे. अर्धी नावं फिरून फिरून तिथेच येतात. मॅथ्यू म्हणजे देवाची देणगी, जोनाथन आणि नेथॅनिएल म्हणजे देवाने दिलेला, ही तिन्ही हिब्रू, आणि थिओडोर ग्रीक पण मतलब तोच. आता आपल्या मराठीत याला देवदत्त म्हणतात की! रेव्हरंड टिळकांच्या मुलाचं नाव देवदत्तच होतं. लिस्टमधे असलं एक तरी नाव टाकायचं होतं वहिनींनी.

जेम्स आणि जेकब दोन्ही लिहिलेत, ते मुळात एकच नाव आहे. लॅटिनमधून फिरत फिरत इंग्लिशमधे जेम्स झालं, मराठी बायबलात दोघंही याकोबच.

रूबेन तुला आवडलंय ना, तिथे जरा थांब. अर्थ 'बघा, मुलगा!' असा देतात, ऐकायला गोड वाटतं. पण बायबलातल्या उत्पत्तीचा २९वा अध्याय काढ. लेआ नवऱ्याची, म्हणजे याकोबाची नावडती, पहिला मुलगा झाल्यावर बिचारी म्हणते, देवाने माझं दुःख पाहिलं, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करेल. त्या 'पाहिलं' वरूनच हे नाव. बेंजामिनचं पण तसंच, याकोबाची दुसरी बायको राहेल बाळंतपणात गेली आणि जाता जाता बाळाला बेनोनी म्हणाली, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा, ते बापाने बदलून बन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. मला तर याकोबाने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. रूबेन ठेवूच नका असं नाही, पण पोराने मोठेपणी विचारलं तर गोष्ट माहीत असावी.

झेवियर बायबलमधलं नाहीच. स्पेनमधल्या नवारामधे झेवियरचा किल्ला आहे, संत फ्रान्सिस तिथले, आणि बास्क भाषेत त्याचा अर्थ नवीन घर. तुम्ही ऐरोलीत नवीन फ्लॅट घेतलाय म्हणून शोभेल, हा हा.

आणि नेल्सन-जॅक्सन तेवढे काढून टाका. नीलचा मुलगा, जॅकचा मुलगा. तुझंच बघ ना, विल्सन म्हणजे विलचा मुलगा आणि तुझ्या बाबांचं नाव प्रभाकर! साहेबांची आडनावं आपल्याकडे पाळण्यात कशी आली देव जाणे.

माझं मत विचारशील तर नेथन. 'त्याने दिलं' एवढाच अर्थ, आणि दावीद राजाला त्याच्या पापाबद्दल तोंडावर 'तो माणूस तूच' म्हणणारा संदेष्टा, राजाला न घाबरणारा. तुझ्या आईला म्हणायला पण सोपं, ती नाथा म्हणूनच हाक मारेल बघ, मारू दे.

घाई करू नका. जन्मदाखल्यात नाव वर्षाच्या आत फुकट टाकता येतं, नंतर लेट फी भरावी लागते. फक्त दाखल्यावर आणि बाप्तिस्म्याच्या सर्टिफिकेटवर स्पेलिंग एकच ठेव, नाहीतर पुढे शाळा आणि पासपोर्टला नुसत्या चकरा. रविवारी उपासना झाली की ट्रेन पकडून येतो, तोपर्यंत वहिनींना सांग लिस्ट पाचवर आणायला.

तुझा,
अविनाश