बाळ्या, कमरेबद्दल थोडं लिहितोय

प्रिय बाळ्या,

काल वहिनींचा फोन आला, म्हणे तू बागेत जायचं पार सोडलंय, दिवसभर पट्टा बांधून खाटेवर पडून असतो. ऐकून जीव तुटला भो, कारण मी चार वर्षं हेच केलंय.

एमआरआयमध्ये एल४-एल५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीय लिहिलंय ना, माझ्यातपण होतं. पण १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास छापून आला होता, त्यात ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली!

गादी फुगली म्हणजे दुखतंच असं नाही, हे मला पटलं ते मागच्या हिवाळ्यात. यावलकडे मळ्यात भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत, गप्पा मारत दोन तास खाली बसलो आणि कंबर आठवलीच नाही. निघताना कोणीतरी विचारलं, "कंबर कशीय रे?" आणि लगेच ठणका. गादी तर तीच होती ना दोन्ही वेळेला.

फिजिओने सांगितलं की दुखणं तीन महिन्यांवर गेलं की बऱ्याचदा इजा भरलेली असते पण मज्जारज्जू आणि मेंदू हळवे होऊन बसतात, साधं वाकलं तरी धोका समजून भोंगा वाजवतात, याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. दुखणं खोटं नाही हां, शंभर टक्के खरंय. आणि भीती, अपुरी झोप, केळीच्या भावाचं टेन्शन, यानं तो भोंगा अजून मोठा होतो. मी गाडीवर स्पीड ब्रेकर दिसला की दहा फूट आधीच अंग आवळायचो, दुखायचं तिथूनच सुरू.

मग रोज दहा मिनिटं चालणं, श्वास लांब सोडणं, आधी रिकामा तांब्या वाकून उचलायचा, मग भरलेला, मग अर्धी बादली, आणि दुखलं तरी स्वतःला सांगायचं की काही तुटत नाहीये. अशाच पद्धतीच्या उपचारावर १५१ जणांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, चार आठवड्यांत हा उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा नावापुरतं उरलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे फक्त १० टक्के होते. माझं अजून कधी कधी दुखतं, पण घाबरत नाही.

फक्त पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांमध्ये बधिर वाटलं तर तडक दवाखाना, तिथे माझं ऐकू नको.

रविवारी येतो. विहिरीपर्यंत चालत जाऊ, तुझ्या चालीनं, मला घाई नाही.

तुझाच,
पप्या