पुरवणीतल्या तीन पैठण्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सणासुदीच्या साड्यांवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत, छपाईही चांगली. पण लेखाखालच्या चौकटीने माझं डोकं उठलं. 'बजेटप्रमाणे निवडा' असं लिहून अडीच हजार, बारा हजार आणि साठ हजार अशा तीन पैठण्या तुम्ही शेजारीशेजारी मांडल्यात आणि तिन्हींच्या खाली एकच ओळ छापलीत, की ही आपल्या मातीतली हातमागाची परंपरा. मी येवल्याच्या विणकराची मुलगी आहे. वडील मागावर बसायचे, आता दादा बसतो. त्यामुळे कालपासून हे पत्र मनात घोळत होतं.

अडीच हजारात साडीपुरतं अस्सल रेशीम आणि जरसुद्धा येत नाही, मजुरी तर पुढची गोष्ट. ती साडी यंत्रमागाची आहे. ज्याला परवडेल ते त्याने नेसावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या भाच्या तसल्या साड्या कॉलेजात नेसून जातात आणि छान दिसतात. पण ती यंत्रावरची आहे हे सांगून विका आणि सांगून छापा. तुमच्या चौकटीने वाचकांना असं सांगितलं की वस्तू एकच आहे, फक्त भाव तीन आहेत. ते खोटं आहे.

आता दादाचं सांगते, कारण हे पत्र त्याच्यासाठीच लिहिते आहे.

मध्यंतरी त्याने एक पदर स्वतः बसवला. बांगडी मोराची नक्षी जुनीच, पण मोरांच्या दोन रांगांमध्ये वेलीवर बसलेल्या मुनियांची, म्हणजे पोपटांची, एक ओळ त्याने नव्याने घातली. ग्राफच्या कागदावर रात्री जागून खुणा केल्या. वहिनी शेजारी बसून तारा मोजून द्यायची. पदर विणताना काठापासून काठापर्यंत धोटा सरळ फेकता येत नाही. नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. मोराच्या मानेचा निळा धागा ठरलेल्या तारांपर्यंत न्यायचा, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायचा आणि तिथूनच मागे वळवायचा. मग पुढची तिल्ली, मग त्याच्या पुढची. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ पुरी झाली की वीण घट्ट बसवायला हात्या ठोकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. म्हणून तर पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, मागे एक धागा लोंबत नाही. भरगच्च पदर असला की साडीला महिने जातात. दादाची ही साडीही अशीच रेंगाळत पुढे सरकली. मध्येच लाल रेशीम संपलं. त्याच छटेचं पुन्हा मिळेना, म्हणून डावीकडून तिसऱ्या मुनियाची चोच त्याने केशरी विणली. बाकी सगळ्यांच्या चोची लाल. वहिनीला ती केशरी चोच फार आवडली होती.

साडी मागावर असतानाच एक दिवस गिऱ्हाइकं आली. नवरा-बायको, बरोबर एक तरुण मुलगा. वहिनीने चहा केला. त्यांनी पदर निरखला, उलटा करून पाहिला. मुलाने मोबाइलवर फोटो काढले, एकदा पट्टी ठेवूनही काढला. दादाला वाटलं, घरात दाखवून ठरवतील. नंतर त्यांचा फोन आला नाही.

काही महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदर्शन होतं. दादाने तोच पदर पुन्हा विणून तिथे मांडला होता. एक बाई थांबल्या, पदर हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो, ही तर दुकानातली नक्कल आहे. हीच डिझाइन मी चोवीसशेला घेतली. तुम्ही चाळीस हजार कसले सांगता?" त्यांनी फोनमध्ये स्वतःच्या साडीचा फोटो दाखवला. तेच मोर, तीच वेल. डावीकडून तिसऱ्या मुनियाची चोच केशरी.

त्या दिवशी रेशीम संपलं होतं म्हणून झालेली ती चोच, आणि यंत्राने ती जशीच्या तशी शेकडो साड्यांवर उतरवली. नक्कल करणाऱ्याला ती केशरी का आहे हे विचारायचीही गरज वाटली नाही. माझ्या भावाला मात्र भर प्रदर्शनात चोर ठरवलं गेलं. तो वाद घालणारा माणूस नाही. त्याने साडीची घडी घातली आणि बाजूला ठेवून दिली. तो पदर त्यानंतर त्याने विणलेला नाही.

त्या बाईंचा मला राग नाही. दुकानदाराने त्यांना हातमागाची म्हणूनच दिली होती, वर सिल्क मार्कची चिठ्ठीही होती. सिल्क मार्क फक्त धागा रेशमाचा आहे एवढंच सांगतो. तो हातावर विणला की यंत्रावर, याच्याशी त्या चिठ्ठीचा संबंध नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, २००६ पासून आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन २०१० मध्ये मिळालं. हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ चा आहे, त्यात साडीही आहे. यंत्रमागवाले त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा १९९३ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. इतकं सगळं कागदावर असताना तुमच्या लेखात यातलं एक अक्षर नाही. 'खरी पैठणी कशी ओळखाल' या परिच्छेदात "स्पर्शाने कळते" एवढंच आहे. स्पर्शाने आम्हाला कळतं, कारण आमचं बालपण असारीवर रेशीम उकलण्यात गेलं. दादरच्या किंवा लक्ष्मी रोडच्या गर्दीत उभ्या असलेल्या बाईला ते कसं कळावं?

तिला सांगायचं असेल तर हे सांगा, की पदर उलटा करा. तिल्ल्यांवर विणलेला पदर मागूनही पुढच्यासारखाच असतो. मागे लांब लांब धागे सुटलेले किंवा कापलेले दिसले तर ती नक्षी जकार्डची, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राची. इथेही घाई नको. जकार्ड लावलेले हातमाग आमच्याकडेही आहेत. ब्रोकेडची पैठणी त्यांच्यावर होते, ती विणणाराही विणकरच आहे, आणि तिचा भाव तिल्लीच्या पदरापेक्षा कमी असणं रास्त आहे. म्हणजे तुमच्या चौकटीतली बारा हजारांची साडी अशी असू शकेल. पण तेही लिहावं लागतं. हातमागावरची जकार्ड, यंत्रमागावरची जकार्ड आणि तिल्लीचा पदर, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांना एका ओळीत बसवलं की मार खातो तो तिल्लीवाला. त्याचं मोल ज्या कामाचं आहे ते काम ओळीतून गायब होतं.

आणखी एक. पुरवणीच्या पहिल्या पानावर मागावर बसलेल्या माणसाचं मोठं छायाचित्र आहे. खाली दुकानाच्या मालकांचं नाव आहे, साडी नेसलेल्या मॉडेलचं आहे, छायाचित्रकाराचं आहे. मागावरच्या माणसाच्या नावाच्या जागी 'एक कारागीर' आहे. छायाचित्रकार त्याच्यासमोर उभा होता, नाव विचारायला किती वेळ लागला असता?

जाता जाता, जिल्हा आवृत्तीबद्दलही लिहिते. नवरात्र आणि हळदीकुंकवाच्या दिवसांत 'खेळ पैठणीचा' कार्यक्रमांच्या बातम्यांना तुम्ही पानंच्या पानं देता. नेतेमंडळी मानाची पैठणी देताहेत, मावशी-वहिनी आनंदाने पदर पसरून उभ्या आहेत. त्यातल्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या असतात हे मंडपातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. देणाऱ्याने काय द्यावं हे मी सांगणार नाही. पण येवल्यापासून हाकेच्या अंतरावर असे कार्यक्रम होतात आणि त्यातली एकही साडी येवल्याच्या मागावरून आलेली नसते, हे मला फार लागतं. निदान बातमीत तरी 'पैठणी' न लिहिता 'साडी' लिहा.

दादा तुमचंच वर्तमानपत्र घेतो, वडिलांच्या वेळेपासून घरात तेच येतं. रविवारची पुरवणी त्याने वाचली, चौकटीवर बोट ठेवून वहिनीला दाखवली आणि काही न बोलता मागाच्या खड्ड्यात उतरून कामाला लागला. म्हणून मी लिहिते आहे. खुलासा छापणार असाल तर तो आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळींत नको. त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापा, आणि तीन भावांच्या पुढे कोणती साडी कशावर विणली आहे ते लिहा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
येवला, जि. नाशिक