काळे पट्टे दोष नव्हेत

संपादक महोदय,
पुनरुज्जीवित अभिजात चित्रपटांच्या डिस्क मुंबईकर हौसेने परदेशातून मागवतात आणि टीव्हीच्या कारखानी सेटिंगवर बघतात. अकिरा कुरोसावांचा १९५४ चा ‘सेव्हन सामुराई’ घ्या. त्याच्या चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण १.३७:१, टीव्हीचे १.७८:१. म्हणजे दोन्ही बाजूंचे काळे पट्टे हवेतच. ‘झूम’ केलेत तर वरखालचा जवळपास पाव भाग कापला जातो. ताणलेत तर सामुराई गुबगुबीत दिसतात!

‘मोशन स्मूदिंग’ आधी बंद करा. चित्रपटाच्या सेकंदाला २४ स्थिर चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतः बनवलेली चित्रे घुसडतो आणि पावसातली लढाई दैनंदिन मालिकेसारखी गुळगुळीत होते. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद, ते फिल्मचे कण पुसते, चेहरे मेणाचे होतात. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर ही कामे एका बटणात होतात.

खरेदीपूर्वी रीजन, म्हणजे डिस्क कोणत्या भूभागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा संकेत, तपासा. साध्या ब्लू-रेसाठी भारत ‘सी’मध्ये येतो, अमेरिकेची ‘ए’ किंवा ब्रिटनची ‘बी’ कुलूपबंद डिस्क इथल्या प्लेअरवर अडते. फोर-के डिस्कला रीजन नसतो, मात्र सोबतच्या साध्या डिस्कला असू शकतो.

लांबी २०७ मिनिटे आहे, पण मध्यंतर मूळ चित्रपटातच आहे. चहा तेव्हाच ठेवावा.

— एक वाचक, विलेपार्ले, मुंबई