‘तिथला कायदाच तसा आहे’ हे उत्तर चालणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावातल्या शहापुरात ब्यूटी पार्लर चालवते. रोज माझ्या हातून क्रीम, पावडर, लिपस्टिक, हेअर डाय बायका-मुलींच्या अंगाला लागतात. या वस्तू विकणाऱ्या काही मोठ्या कंपन्या एका देशात ‘आम्ही प्राण्यांवर चाचण्या करत नाही’ असे सांगतात आणि दुसऱ्या देशाचा बाजार मिळावा म्हणून त्याच चाचण्यांचे पैसे मुकाट भरतात. त्याबद्दल आपल्या भागात कोणी फारसे बोलत नाही, म्हणून हे पत्र.

हल्ली कॉलेजच्या मुली डबा उलटा करून मागचे बारीक अक्षर वाचतात, याचा मला मनापासून आनंद होतो. परवा राणी चन्नम्मा विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, ‘‘आक्का, ह्या डब्यावर सशाचं चित्र आहे, ते कशाला ओ?’’ ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे सांगायला ते चित्र छापतात. पण ससाच का, हे तिला सांगताना माझ्याही अंगावर काटा आला. १९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञाने एक चाचणी बसवली. पांढऱ्या सशाला फक्त डोके बाहेर राहील अशा खोक्यात अडकवायचे. एका डोळ्याची खालची पापणी ओढून त्यात तपासायचा पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग तासाने, एक दिवसाने, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी डोळा किती लाल झाला, किती सुजला, बुबुळ पांढरे पडले का, ते नोंदवायचे. गरज पडली तर हे एकवीस दिवसांपर्यंत चालते. सशाला आपल्यासारखे भरभर पाणी येत नाही, त्यामुळे घातलेले डोळ्यातच राहते. ‘सोयीचा’ प्राणी म्हणून त्याची निवड झाली ती यामुळे. आणि हे सगळे कशासाठी, तर शाम्पू आणि मस्कारा यांसाठीसुद्धा.

प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग मी एका तागडीत तोलत नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर आपण सकाळी फिरायला जातो. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. त्या काळी ही लस जनावरांच्या कातडीवर वाढवत. त्या मुक्या जिवांचे ऋण आपल्या पणजी-आजीच्या पिढीवर आहे, कारण देवीने घरेच्या घरे ओस पाडली होती. त्या रोगाशी लिपस्टिकच्या नव्या छटेची बरोबरी कशी करायची? शिवाय आता पर्याय आहेत. माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेवर जळजळ तपासता येते, कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांच्या बुबुळावर तपासता येते, आणि हजारो घटक असे आहेत की जे वर्षानुवर्षे वापरून सुरक्षित ठरलेले आहेत. हेअर डाय लावण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबायला सांगते. काळ्या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने काहींचे तोंड सुजते, म्हणून ही काळजी. पण ते माणूस स्वतःच्या मर्जीने करून घेते आणि खाज सुटली तर लगेच धुऊन टाकते.

आपल्या देशाने यात पुढचे पाऊल टाकले आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. मे २०१४ मध्ये केंद्र सरकारने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही मनाई केली. युरोपात हीच बंदी टप्प्याटप्प्याने येऊन मार्च २०१३ मध्ये पूर्ण झाली. (युरोपही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही. कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून काही घटकांच्या प्राण्यांवरील चाचण्या तिथला रसायनांचा कायदा अजून मागतो, आणि २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते योग्य ठरवले.)

चीनमध्ये नेमके उलटे होते. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रसाधनाची चाचणी तिथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्राण्यांवर व्हायची आणि तिचा खर्च कंपनीने भरायचा. म्हणजे स्वतःच्या हाताने सशाला हात न लावता कंपनी नामानिराळी. अशा कंपन्यांच्या जाहीर निवेदनात एक छोटेसे शेपूट असायचे, आजही काही ठिकाणी असते: ‘कायद्याने बंधनकारक असेल तेथे वगळता.’ माझ्याकडे माल घेऊन येणाऱ्या एका सेल्समनला मी या शेपटाबद्दल विचारले, तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, तिथला कायदाच तसा आहे, कंपनी काय करणार?’’

माझे सगळे म्हणणे या वाक्यावर आहे. तो कायदा अमेरिकेतल्या किंवा फ्रान्समधल्या कंपनीला घरात येऊन पकडत नव्हता. जो तिथे विकायला जाईल त्यालाच तो लागू होता. जायचे की नाही, हे कंपनी ठरवत होती, आणि जाताना दाराशी काय मोजावे लागणार हे तिला पक्के ठाऊक होते. आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरची माणसे. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलते, पाट्या बदलतात, पेट्रोलचा दर बदलतो. पण निपाणीत खोटे बोलायचे नाही आणि कागलला गेल्यावर चालते, असे कोणा शहाण्या माणसाने म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. जे तत्त्व बाजार मोठा दिसला की सुटते, ते तत्त्व म्हणून डब्यावर छापू नये.

न जाणारेही होतेच. ‘द बॉडी शॉप’ने या अटीपायी चीनच्या मुख्य भूमीतली दुकाने टाळली. ‘पॉल मिशेल’ने २०१२ मध्ये तिथली विक्री थांबवली. त्याच वर्षी ‘अर्बन डिके’ने चीनला जायचे जाहीर केले, ग्राहक खवळले, आणि महिन्याभरात कंपनीने निर्णय मागे घेतला. उलट ‘नार्स’ने २०१७ मध्ये जायचे ठरवले आणि टीका होऊनही मागे हटली नाही. अर्बन डिकेचा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे ना सरकार मध्ये पडले ना न्यायालय. विकत घेणाऱ्या बायकांनी जाब विचारला, एवढेच झाले.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते मी झिडकारत नाही. आत गेल्याशिवाय बदल कसा घडवणार, असे ते उत्तर. चीनचे नियम बदलले हे खरे आहे. २०१४ मध्ये देशात बनणाऱ्या साध्या प्रसाधनांना सूट मिळाली, आणि १ मे २०२१ पासून आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांनाही, म्हणजे शाम्पू, लिपस्टिक, क्रीम वगैरेंना, सूट मिळू लागली. त्यासाठी माल नीट पद्धतीने बनतो असे मूळ देशाच्या सरकारी यंत्रणेचे प्रमाणपत्र आणि सुरक्षिततेचा अहवाल लागतो. पण या बदलामागे तिथल्या अधिकाऱ्यांना आणि शास्त्रज्ञांना पर्यायी चाचण्या शिकवणाऱ्या संस्थांचे कष्ट आहेत. ते काम बाहेर राहूनही करता येत होते. दुकान थाटून नफा पदरात पाडून घ्यायचा आणि वर ‘आम्ही बदल घडवतोय’ म्हणायचे, हे मला पटत नाही.

आणि प्रश्न अजून संपलेला नाही. हेअर डाय, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीम, केसगळतीवरची उत्पादने यांना तिथे ‘विशेष’ प्रसाधने धरतात आणि त्यांच्या तपासणीत प्राण्यांवरील चाचण्या अजून येतात. लहान मुलांच्या वस्तूही त्या सवलतीबाहेर आहेत. आपल्याकडच्या पार्लरमध्ये सगळ्यात जास्त खपतात ते डाय आणि गोरेपणाचे क्रीमच, हे सांगायला नकोच.

आपला कायदा चांगला आहे, पण तो या प्रकाराला पुरत नाही. तो या मातीवर होणाऱ्या चाचणीबद्दल आणि इथे येणाऱ्या मालाबद्दल बोलतो. तीच कंपनी दुसऱ्या देशात दुसऱ्या डब्यासाठी काय करते, किंवा उद्या आपलीच एखादी देशी कंपनी बाहेरच्या बाजारासाठी तिकडे चाचण्या करून घेते का, याबद्दल तो गप्प आहे. म्हणून केंद्राने प्रत्येक कंपनीला दरवर्षी देशवार जाहीर करायला लावावे: कोणत्या देशात, कोणत्या मालासाठी, स्वतः किंवा दुसऱ्याकरवी, प्राण्यांवर चाचणी झाली. ‘कायद्याने बंधनकारक असेल तेथे वगळता’ एवढ्यावर सुटका नको. जिथे वगळले त्या देशाचे नाव हवे.

आपल्या कर्नाटक सरकारला तर सुरुवात घरापासून करता येईल. मैसूर सँडल साबण हा १९१६ पासूनचा सरकारी वारसा आहे आणि आता तो परदेशातल्या बाजारातही विकला जातो. ज्या देशात प्राण्यांवर चाचणीची अट असेल तिथे ती अट मान्य करून आम्ही जाणार नाही, असे या सरकारी कंपनीने लेखी जाहीर केले, तर खासगी कंपन्यांना विचारायला आपल्याला तोंड राहील. राज्याच्या औषध नियंत्रण खात्याकडूनच प्रसाधने बनवायचा परवाना मिळतो. बाहेर माल पाठवू पाहणाऱ्या छोट्या उद्योजकांना लागणारी प्रमाणपत्रे त्याच खात्याने वेळेत द्यावीत, म्हणजे सशाचा डोळा हा त्यांच्यापुढचा सोपा रस्ता उरणार नाही.

सशाच्या चित्राबद्दलही सांगते, कारण मुली त्याच्यावर विश्वास ठेवतात. कुठलाही ससा छापला म्हणजे प्रमाणपत्र मिळाले असे होत नाही. ‘लीपिंग बनी’ ही योजना १९९६ मध्ये सुरू झाली. तिच्यात एखाद-दुसरी वस्तू नव्हे, तर त्या ब्रँडचा सगळा माल आणि त्याला कच्चा माल पुरवणारेही तपासले जातात. त्या योजनेच्या यादीत ब्रँडचे नाव आहे का, ते मोबाइलवर दोन मिनिटांत कळते. स्वस्त देशी वस्तूंनाही असे प्रमाणपत्र मिळू शकते, त्यामुळे हा फक्त पैसेवाल्यांचा चोचला आहे असे समजू नये.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पार्लरवाल्या भगिनींना आणि गणपत गल्ली, खडेबाजारातल्या दुकानदारांना माझी विनंती आहे. माल घेताना सेल्समनला हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर कंपनीच्या लेटरहेडवर मागा. मी दोन कंपन्यांना असे पत्र पाठवले आहे. त्यांची उत्तरे आली की ती पार्लरच्या काचेवर, दरपत्रकाच्या शेजारी लावणार आहे.

आपली,
एक ब्यूटी पार्लर चालक
शहापूर, बेळगाव