दुखत नाही म्हणून राहू देऊ नकोस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "दाढ कधीच तुटली, मुळं आत आहेत, पण आता दुखत नाही. मग कशाला छेडायचं?" फोन ठेवला आणि माझा हात आपोआप डाव्या जबड्याकडे गेला. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र.

माझं अगदी असंच झालं होतं. खालची दाढ किडत किडत एक दिवस तुटली. त्याआधी आठवडाभर रात्र रात्र ठणका होता, तो एकदम थांबला. वाटलं, सुटलो. ते थांबणं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. दाताच्या आतली नस जिवंत होती तोवर ठणकत होती. जंतूंनी ती मारली आणि ठणका संपला. जंतू मात्र तिथंच राहिले. मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्त पोचत नाही, त्यामुळे त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी पोचत नाहीत आणि आपण घेतलेली गोळीही पोचत नाही. म्हणूनच अँटिबायोटिकनं सूज उतरते, पण मूळ आहे तोवर ती परत येते. मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून जंतू आणि त्यांचं विष बाहेर झिरपतं, टोकाभोवतीचं हाड हळूहळू विरघळतं, कधी तिथं गाठ वाढते. यातलं काहीही वर्षानुवर्षं दुखत नाही रे.

माझ्या हिरडीवर मधूनमधून एक पुळी यायची, टाचणीच्या डोक्याएवढी. फुटली की तोंडात खारट, घाण चव. दोन दिवसांत बसायची, महिन्याभरानं पुन्हा हजर. आतल्या पसानं बाहेर पडायला केलेली ती वाट होती. एकदा ती बुजली आणि एका रात्रीत जबड्याखाली टणक सूज आली. सकाळी तोंड उघडून दोन बोटं आत जाईनात. थुंकी गिळताना कळ मस्तकात जायची.

डॉक्टरांनी दाताकडे पाहण्याआधी जिभेखाली बोट घालून चाचपलं आणि विचारलं, "श्वास नीट घेता येतोय ना?" हा प्रश्न का, ते त्यांनी नंतर सांगितलं. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या जागेच्या लगत असतात. पस तिकडे पसरला तर जीभ वर उचलली जाते आणि श्वासाचा मार्ग बंद व्हायला लागतो. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, आजही तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. माझं तिथवर गेलं नाही. पण त्या खुर्चीत बसून मी किती वर्षं वाया घालवली ते मोजत होतो.

तुझी दाढ वरची, उजवीकडची. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला खेटून असतात. तूच म्हणाला होतास की उजवी नाकपुडी सतत चोंदलेली असते आणि घाण वास येतो. दाढेमुळेच आहे असं मी म्हणत नाही, पण एकाच बाजूला असं होत असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांग. आणि तुझी साखर! तोंडात जंतुसंसर्ग असला की ती आटोक्यात राहत नाही, आणि ती वाढलेली असली की संसर्ग लवकर पसरतो. वहिनींना हे दाखव.

काढताना खोदावं लागेल या भीतीनं तू अडला आहेस, हे मला कळतं. भूल दिल्यावर दाब कळतो, दुखत नाही. माझी दोन मुळं मधोमध वेगळी करून एकेक सोडवली. गॉझवर ठेवलेलं एक मूळ त्यांनी मला दाखवलं. तपकिरी, नखाएवढं, आणि टोकाला लालसर मांसाची छोटी पिशवी लोंबत होती. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. नंतरचे चार दिवस तेवढे जपावे लागतात. सिगारेट अजिबात नको, नाहीतर खाचेतली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडतं आणि ते फार दुखतं.

प्रत्येक मूळ काढावंच लागतं असंही नाही. भक्कम असेल तर रूट कॅनाल करून त्यावर कॅप बसवता येते. एखादा अगदी लहान, निरोगी तुकडा जबड्यातल्या मोठ्या नसेजवळ असेल तर डॉक्टर तो मुद्दाम ठेवतात आणि अधूनमधून एक्स-रे काढून बघतात. पण ते ठरवायला एक्स-रे आधी हवा. तू रक्त पातळ करायची गोळी घेतोस, तेही सांग. ती स्वतःच्या मनानं बंद करू नकोस.

आणि मधेच ताप, गिळायला त्रास, डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकणारी सूज, यातलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठ. मला नंतर फोन कर.

येत्या आठवड्यातली वेळ घे आणि कळव. मी येतो, बाहेर बसून राहीन.

तुझाच,
जुना मित्र