तळघरातली तालीम

मिलवॉकी, अमेरिका
9 नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस, सा. न.

फराळाचा डबा परवा पोचला. चकल्यांचा चुरा झालाय, पण डबा उघडल्या उघडल्या आईच्या भाजणीचा वास घरभर पसरला. पोरांनी तो चुरा चमच्यानं खाल्ला. तिला सांगा.

मी तळघरात बोलिंगचा सराव करते हे ऐकून रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "पलीकडं पिनाच नाहीत, तर नेम बसला का चुकला हे कळतंय कशावरनं?" मी काही सांगायच्या आत दादाचं पोरगं मध्ये बोलायला लागलं आणि ते राहूनच गेलं. प्रश्न इतका नेमका होता की चार दिवस डोक्यात घोळतोय. म्हणून हे पत्र.

खऱ्या लेनवर, म्हणजे बॉल सोडायच्या लांब वाटेवर, फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडनं बॉल सोडायचा ती रेघ) पाडायच्या बाटलीसारख्या पिनांतली पहिली 60 फुटांवर असते. आमचं तळघर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत 36 फूट. त्यातले 15 फूट पावलं टाकायला लागतात, म्हणजे पिनांना जागाच उरत नाही. पण लेन साडेएकेचाळीस इंच रुंद असते आणि तिच्यात 39 उभ्या पट्ट्या असतात, एक पट्टी साधारण एका इंचाची. फाउल लाइनच्या पुढं 12 ते 16 फुटांच्या दरम्यान सात बाण असतात, दर पाचव्या पट्टीवर एक. कसलेला खेळाडू पिनांकडं नाही, या बाणांकडं बघून बॉल सोडतो. आता हिशेब बघा. सरळ जाणारा बॉल 15 फुटांवर एक पट्टी चुकला, तर 60 फुटांवर चार पट्ट्या चुकणार. पिनेचं पोट पावणेपाच इंचांचं असतं. म्हणजे बाणापाशी इंचभर चुकलं की तिकडं जवळजवळ अख्खी पिन चुकली. हे 15 फूट माझ्या तळघरात आहेत आबा. नेम तिथंच बसतो नाहीतर तिथंच चुकतो. मी फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे बाण लावलेत. बॉल कुठल्या पट्टीवरनं गेला हे डोळ्यांना दिसतं, आणि फोन तिकाटण्यावर लावून ठेवला की नंतर परत बघता येतं.

आणि पिना नाहीत हेच बरं, असं मला आता वाटायला लागलंय. बोलिंगच्या हॉलमध्ये दोन वर्षं खेळले, पण माझी चूक मला कधी कळली नाही, कारण चुकीचा टाकूनही दहातल्या आठ पिना पडायच्या. आठ पडल्या की वाटायचं, चाललंय ते बरोबर चाललंय. तळघरात पडायला काही नाही, त्यामुळं बघायला फक्त आपलं अंग उरतं. तुम्ही सांगायचा, वस्तादांनी पहिले कितीतरी महिने तुम्हाला कुणाबरोबर धरूच दिलं नाही. पहाटे कुस्तीचा हौदा उकरायचा, जोर मारायचे, बैठका काढायच्या आणि पवित्र्यात नुसतं पुढंमागं सरकायचं. मी शाळेत जाताना तालमीच्या दारातनं बघायची तेव्हा मला वाटायचं, हे लोक कुस्ती कधी खेळणार? आता तळघरात पन्नासाव्यांदा रिकामा हात झुलवताना त्या पवित्र्याचा अर्थ लागतोय.

माझी चूक काय होती सांगते. बॉल 14 पौंडांचा, म्हणजे सव्वासहा किलोच्या वर. पावलं चार. पहिल्या पावलाला बॉल पुढं ढकलायचा. दुसऱ्याला तो आपल्या वजनानं खाली येऊन पायाजवळनं जातो, तिसऱ्याला मागं वर जातो आणि चौथ्याला डावं पाऊल घसरवत सोडायचा. डाव्या बुटाचा तळ त्यासाठीच गुळगुळीत असतो. हात लंबकासारखा झुलला पाहिजे, वजनाचं काम वजनानं करायला पाहिजे. मी तिसऱ्या पावलाला घाई करून खांद्यानं रेटत होते. खांदा फिरला की हात अंगावरनं आडवा येणार आणि बॉल डावीकडं जाणार. व्हिडिओत पहिल्यांदा दिसलं तेव्हा दहा वेळा मागं नेऊन बघितलं. तुमचं "जोर लावू नको, वजनाला जाऊ दे" हे तर मी लहानपणी तालमीतला जड लाकडी करेला उचलायला गेले तेव्हाच ऐकलं होतं!

आता बांधकामाचं. तुम्हाला ते आवडेल आणि दादाला उपयोगी पडेल. पहिल्या वर्षी मी लॅमिनेटच्या फळ्या सरळ काँक्रीटवर अंथरल्या. जुलैत काँक्रीटला घाम फुटला आणि आपलं माजघराचं दार आषाढात फुगतं तशा त्या सांध्यांवर फुगल्या. सगळं उचकटलं. दुसऱ्या खेपेला आधी जाड प्लास्टिक, त्यावर आडवे वासे, त्यावर प्लायवुडचे दोन थर दिले, वरच्या थराचे सांधे खालच्यावर येणार नाहीत असे. कडेनं भिंतीपासून बोटभर फट सोडली, लाकडाला फुगायला जागा हवी म्हणून. स्क्रूची डोकी आत बसवली. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पाणसळीनं. दोन शनिवार गुडघ्यांवर बसून वाशांखाली पाचरी ठोकत होते. स्पर्धेच्या लेनला पातळीत मिलिमीटरभराचाच फरक चालतो. माझ्याच्यानं तेवढं झालं नाही, एका टोकाला अजून दोन मिलिमीटर उतार आहे. खालच्या थराची पाणसळ नीट बघायला हवी होती. वर काही करून तो उतार निघत नाही.

बॉल अडवायला पहिल्यांदा मागं एकच जुना गालिचा टांगला होता. पहिल्याच रात्री बॉल त्याला दाबून भिंतीवर आदळला आणि प्लास्टरचा पोपडा निघाला. आता दोन गालिचे सैल टांगलेत, खालची कड वीतभर जमिनीवर लोळते, मागं मोकळी जागा सोडून फोमची गादी. ताणलेला गालिचा बॉल परत फेकतो, सैल गालिचा तो पोटात घेतो.

एक गोष्ट मात्र तळघरात शिकता येत नाही. खऱ्या लेनवर तेलाचा थर असतो, बहुधा पहिल्या 40 फुटांच्या आसपास. बॉल तेलावर घसरत जातो आणि पुढं कोरड्या लाकडावर पकड घेऊन वळतो. कुठं किती तेल आहे ते दिसत नाही, बॉलच्या वागण्यावरनं ओळखायचं. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद किती मुरलंय हे तुम्ही मूठ दाबून सांगायचा, तसंच. त्याच्यासाठी दर गुरुवारी हॉलमध्ये जावंच लागतं. तिथली लाकडी वाट माझ्या तळघरातल्या वाटेपेक्षा वेगळी घसरते, म्हणून पहिले दोन-तीन बॉल मी नुसते पाय जुळवायला टाकते. तीन महिन्यांत एका डावातल्या गुणांची सरासरी 128 वरनं 141 वर आली. पूर्ण गुण 300 असतात, तेव्हा वाट लांब आहे. पण हात आता अंगावरनं आडवा जात नाही.

दादा म्हणाला, पोरगं माझा व्हिडिओ बघून सोप्यात नारळ टाकत बसतं. त्याला रागावू नका. फक्त वजनाचं काही हातात देऊ नका. लहान मुलांसाठी इथं 6 पौंडांपासून बॉल मिळतात, जानेवारीत येताना एक आणते. तोवर रिकाम्या हातानं चार पावलं चालू दे. पावलं तुम्ही बघा. फळ्या, लेन काहीच लागणार नाही, सोप्यातली शहाबादी पुरे, पण पायात मोजे नकोत, घसरेल.

उंबऱ्यापासनं देवळीच्या भिंतीपर्यंत सोपा किती फूट भरतो ते तेवढं मोजून कळवा. मला 22 आठवतो, आई म्हणते 20. 22 असेल तर त्याची चार पावलं होऊन पुढं बाण लावायलाही जागा राहील.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना आठवण.

तुमची लेक