खाली पाठवलेली पोरं

ॲबट्सफर्ड, ब्रिटिश कोलंबिया
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि अण्णा यांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन दर रविवारी होतोच, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता. मग दादा बोलतो, वहिनी बोलते, आत्या मध्येच स्थळ सांगते, आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. जेवणखाण, पाऊस, थंडी हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत उगाळत नाही.

आधी माझ्या त्या हॉकी मॅचमधल्या फोटोचं. दादानं तुम्हाला दाखवायलाच नको होता. निळी जर्सी, आ वासलेलं तोंड, मागे काचेवर आपटलेले दोन गडी. आई, तुला काय वाटलं असेल ते मी समजू शकते. पण ते स्टेडियम बंदिस्त आहे, सात हजारांच्या आसपास माणूस बसतं, म्हाताऱ्या बायका मांडीवर नातवंडं घेऊन येतात. तिकिटाला मी पैसे मोजत नाही. कामावरच्या एका पंजाबी काकूंकडे सीझनची दोन तिकिटं आहेत आणि काकांना बसून बसून गुडघे धरतात, म्हणून त्यांच्या खुर्चीवर मी. येता-जाता काकूंचीच गाडी. आणि मारामारी म्हणशील तर होते, नाही कशाला म्हणू. पण ती खेळणाऱ्यांत. बघणारे आपले बटाटे खात असतात.

अण्णा, तुम्ही विचारलं होतं की हॉकी म्हणजे ध्यानचंदांचीच ना. काठी सोडली तर काही सारखं नाही. बर्फावर खेळतात, पायात पात्याचे बूट, चेंडूच्या जागी रबराची चकती. बाकी नियम मलाही अर्धेच कळतात. मला त्यातलं जे आवडलं ते वेगळंच आहे.

आमच्या गावचा संघ हा मोठा संघ नव्हे. मोठा संघ व्हँकुव्हरचा, इथून सत्तर किलोमीटरवर. नॅशनल हॉकी लीगमध्ये असे 32 संघ आहेत आणि प्रत्येकाचा खाली एकेक धाकटा संघ असतो. व्हँकुव्हरचा धाकटा 2021 पासून ॲबट्सफर्डला आहे. मोठ्यांची पोरं इथं तयार होतात. वर कोणी जायबंदी झालं की इथल्या एकाला फोन येतो आणि तो बॅग उचलून जातो. वरचा बरा झाला की हा परत खाली. इथले लोक मोठ्या संघाची मॅच बघतात तेवढ्याच चवीनं ही पोरं बघतात. कोणाचा पाय अजून जड आहे, कोण उन्हाळ्यात वजन वाढवून आलाय, कोणाला यंदा बोलावतील. अठरा वर्षांच्या पोराबद्दल पाच वर्षांनंतरचं बोलायचं. मला पहिल्यांदा वाटलं, हे काय रिकामटेकडं खूळ! मग लक्षात आलं, अण्णा, तुम्ही एप्रिल छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीकडे ज्या नजरेनं बघता ना, तेच आहे हे. वरून नुसतं लाकूड. आत डोळ्यात घड धरलाय की नाही ते ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर दिसणार. तुम्ही काड्या प्रयोगशाळेत तपासून आणता, हे लोक त्यासाठी माणसं पगारावर ठेवून गावोगाव फिरवतात, एवढाच फरक.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण फोनवर दोनदा सांगूनही आईचा घोटाळा झालाय. वरच्या खोलीत राहणारा तो मुलगा घरमालकीण आजींचा नातू नाही. भाडेकरूही नाही. तो ‘बिलेट’ आहे. इथं हॉकीत पुढं जायचं म्हणजे पोरगं सोळा-सतराव्या वर्षीच घर सोडतं. चौदा-पंधराच्या वयात ज्युनिअर लीगचे संघ त्यांना आपसांत वाटून घेतात, मग ज्याचं नाव ज्या संघानं घेतलं त्या गावी जायचं, आईबाप असतील दीड हजार किलोमीटरवर. तिथं हॉस्टेल नसतं. गावातलं एखादं कुटुंब त्याला ठेवून घेतं. ओळख ना पाळख, जात ना गोत! संघ थोडेफार पैसे देतो, पण ते त्या पोराच्या दुधालाही पुरत नसतील असं मला वाटतं. ठेवून घेणारी बाई त्याचे डबे करते, कपडे बघते, परीक्षा असली की अभ्यासाला बसवते आणि रात्री उशिरा बस परत आली तर दिवा लावून जागी राहते. शिकायला मामाकडे ठेवतात तसं समज, फक्त मामा परका. मी आजींना विचारलं, कशासाठी करता? त्या म्हणाल्या, घर मोठं आहे. बास, एवढंच उत्तर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, प्रत्येक खुणेपुढं मुलाचं नाव आणि साल. आतापर्यंत नऊ पोरं झाली. त्यातला एकही मोठ्या लीगमध्ये पोचला नाही. दोघं अग्निशमन दलात आहेत, एक शिक्षक आहे. नाताळात सगळ्यांची कार्डं येतात.

आत्ताचा सस्काचेवानच्या एका खेड्यातला आहे, गव्हाच्या शेतातला. अठरा पूर्ण. सकाळी मी कामाला निघताना तो टेबलाशी बसून काठीला काळी चिकटपट्टी गुंडाळत असतो. टोकापासून टाचेपर्यंत, वेढ्यावर वेढा, एक सुरकुती पडली तरी सगळी उचकटून पुन्हा पहिल्यापासून. आजी वाढत असतात, हा खात असतो, पण नजर पट्टीवर. जूनमध्ये त्याचा ड्राफ्ट होता. ड्राफ्ट म्हणजे 32 संघ सात फेऱ्यांत जगभरातली दोनशेवर पोरं निवडतात, दोन दिवस चालतं. त्याचं नाव शेवटच्या फेऱ्यांत येईल असं कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून टीव्हीपुढं. नाव आलं नाही. शेवटचं नाव पुकारून झाल्यावर तो उठला आणि आजींचं गवत कापायला गेला. गवत आदल्याच दिवशी कापलेलं होतं.

मी त्याला अर्शदीप बैन्सचं सांगितलं, जसं काही त्याला माहीतच नव्हतं! हा इथल्याच सरे शहरातला पंजाबी पोरगा. त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. ज्युनिअरमध्येच खेळत राहिला आणि 2021-22 मध्ये 112 गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून) काढून अख्ख्या वेस्टर्न ज्युनिअर लीगमध्ये पहिला आला. मग व्हँकुव्हरनं बोलावून करार केला, दीडेक वर्ष आमच्या ॲबट्सफर्डला घासला आणि 2024 च्या फेब्रुवारीत वर पहिला सामना खेळला. तेव्हापासून वर-खाली, वर-खाली. काकू त्याच्या एवढ्या भक्त आहेत की तो खाली आला की त्यांना बरं वाटतं, आपल्याला बघायला मिळतो म्हणून. मॅचचं समालोचन इथं टीव्हीवर पंजाबीतही असतं, 2008 पासून. मराठीत कधी होणार देव जाणे.

गेल्या जूनच्या 23 तारखेला आमच्या संघानं काल्डर कप जिंकला, म्हणजे सगळ्या धाकट्या संघांतला अजिंक्यपद. प्रशिक्षक मॅनी मल्होत्रा, वडिलांकडून पंजाबीच. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आमचा गोलकीपर, लॅटव्हियाचा आर्तुर्स शिलोव्ह्स. 2019 च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत 156 वा घेतलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. काकूंनी मिठाई वाटली. आणि तीन आठवड्यांत व्हँकुव्हरनं त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं! काकू दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, दिल्या घरी सुखी राहा म्हणा आता. त्यांना ते हिंदीत समजावून सांगताना माझाच घसा दाटला, काय कारण नसताना.

आता या सीझनचं. ब्रेडन कूट्स नावाचा पोरगा, जूनमध्येच व्हँकुव्हरनं पंधराव्या क्रमांकावर घेतलेला, अठरा वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये त्यानं सगळ्यांना चकित करून थेट मोठ्या संघात जागा मिळवली. तीन सामने खेळला. आणि परत ज्युनिअरमध्ये, सिॲटलला. मला फार लागलं ते. पण जाणकार शांत होते. त्यांचं म्हणणं, एवढ्या लहान पोराला नऊ सामन्यांपर्यंत खेळवता येतं, दहावा खेळला की त्याच्या तीन वर्षांच्या करारातलं एक वर्ष खर्ची पडतं. आणि वीसच्या आतल्या ज्युनिअरच्या पोराला मधल्या पायरीवर, म्हणजे आमच्याकडे, ठेवताही येत नाही. वर नाहीतर एकदम खाली. वर नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा खाली रोज वीस-वीस मिनिटं खेळू दे, हात मोकळा राहील. आमच्या वरच्या खोलीतला मात्र ही बातमी ऐकून एवढंच म्हणाला, तीन तर मिळाले.

हे सगळं मी इतकं पाल्हाळ लावून का लिहितेय, अण्णा तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही फोनवर विचारलं नाहीत, पण सप्टेंबरपासून पैसे कमी येताहेत हे तुम्ही वहीत मांडलंच असणार.

जूनमध्ये मला रात्रपाळीच्या लाइनवर मुख्य केलं होतं, ते मी तुम्हाला मोठ्या तोंडानं सांगितलं. आईनं पेढे वाटले, आत्यानं सगळ्या गावाला सांगितलं. ब्लूबेरीचा हंगाम होता, रोज ट्रकामागून ट्रक. ऑगस्टमध्ये एका लॉटच्या थंडाव्याच्या नोंदी दोन तास राहून गेल्या. माल खराब झाला नाही, पण कागद अपुरा म्हणून तो लॉट अडकला. चूक एकटीची नव्हती, पण सही माझी होती. हंगाम संपल्यावर मला परत प्रयोगशाळेच्या टेबलावर आणलं. काढलेलं नाही, आई, नीट वाच, काढलेलं नाही. नोकरी तीच, जागा तीच, व्हिसाला काही धक्का नाही. पगार मात्र जूनच्या आधीचाच. पुढच्या हंगामाला पुन्हा बघू असं म्हणालेत, आणि मला वाटतं ते खरं बोलताहेत. तेव्हाच सांगायला हवं होतं. दर रविवारी फोन उचलताना ठरवायची, आणि स्पीकरवर सगळ्यांचे आवाज आले की हवामान सांगून मोकळी व्हायची.

त्यामुळे बागेवरच्या प्लास्टिक आच्छादनाचं. अर्धे पैसे मी देते असं दादाला म्हणाले होते, ते यंदा होणार नाही. मार्चपर्यंत तीन लाख जमतील, त्यापुढं कबूल करत नाही. दादानं माझ्या भरवशावर सोसायटीत अर्ज केला असेल तर त्याला थांबायला सांगा. मी सांगणार होते, पण यंदा घड जिरल्याचं त्यानं ज्या आवाजात सांगितलं, त्यानंतर माझं तोंड उघडलं नाही. मे महिन्यापासून ऊनच नाही तर काडीत घड धरणार कुठून, हे त्याला माहीत आहे, तरी तो स्वतःलाच दोष देतोय. त्याला एकट्याला प्लॉटमध्ये फार वेळ बसू देऊ नका.

आणि आत्यानं आणलेलं स्थळ. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण टोरांटो आणि ॲबट्सफर्ड म्हणजे सांगली-मिरज नव्हे. विमानानं साडेचार तास आणि घड्याळात तीन तासांचा फरक. तो तिकडची नोकरी सोडणार नाही, आणि मी इथली आत्ता सोडली तर खाली आणलेली ती खालूनच निघून गेली असं होईल. मला पुढचा हंगाम करू द्या. एकच. एकोणतीस काय आणि तीस काय. आत्याला सांगा की मी विचार करतेय. ते खोटं नाही, रात्री करतेच.

फेब्रुवारीत येणं जमणार नाही. तिकिटाचे पैसे मी आच्छादनाच्या तीन लाखांत धरलेत. आई, तू आतल्या खोलीत जाऊन रडू नकोस, अण्णांच्या पुढ्यात रड, म्हणजे तेही थोडं रडून घेतील.

अण्णा, काड्या तपासल्याचा कागद असेल तर दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. इथं मायक्रोस्कोप माझ्याच टेबलावर असतो, मलाही बघायचंय किती डोळे वांझ निघाले ते.

वहिनीला नमस्कार, पिल्लाला पापा.

तुमची,
छोटी

ता. क. पुढच्या रविवारी पगाराचं काही विचारू नका. आणि विचारायचंच असेल तर आधी स्पीकर बंद करा.